बिनखांबाचा कोपरा

१४ सप्टेंबर १९३७, निपाणी

आज भागीदारांना नकाशे दाखवले.

निपाणीच्या पाच तंबाखू व्यापाऱ्यांनी मिळून मंडळी काढली आहे. बेळगावात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांना कचेऱ्यांची इमारत बांधायची आहे. पाच मजले. लोखंड आणि सिमेंट काँक्रीट. खालचे मजले भाड्याने, सर्वांत वरचा स्वतःसाठी. पाचांमध्ये वयाने सर्वांत मोठे आदगोंडा आप्पा. माझे वडील जन्मभर त्यांच्या वखारीत दिवाणजी होते. मी मुंबईत शिकलो, तिथे मोठ्या इमारतींवर काम केलं. आप्पांसमोर मी अजून दिवाणजींचा तवनाप्पाच.

बैठक वखारीच्या मागच्या खोलीत झाली. खोलीला एक खिडकी, तीही बोळाकडे. दिवसा कंदील लावून बसलो. मधेच एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या हातातल्या तंबाखूचा रंग बघायला पाचही जण उठून बाहेर रस्त्यावर गेले. माझा नकाशा कंदिलाखाली एकटा पडला. असं दोनदा झालं. यांना इमारत हवी आहे की नाही, मला कळेना.

परत आल्यावर भागीदारांपैकी पद्मराज चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, "ही मागची बाजू झाली. फुडची कुठाय?"

मी म्हणालो, हीच पुढची.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कमानी नाहीत. हत्ती नाहीत. वर्तुळात बांधल्याचा सन घातलेला नाही. सपाट भिंत, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या खिडक्या, आणि एका बाजूला जिन्याचा मनोरा, छपराच्या वर निघालेला. वायव्येच्या कोपऱ्याला खांब नाही. दोन्ही बाजूंच्या काचा तिथे एकमेकींना भेटतात. ही सगळी इमारत मी त्या कोपऱ्यासाठी काढली आहे. तो गेला तर बाकी कोणीही बांधू शकेल अशी पेटी उरते.

"कोपरा मग कशावर हुबा?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं, हात पुढे केला तर त्याच्याखाली काठी लावावी लागत नाही. खांदा धरतो. तसं आत खांब आहे, पुढचा भाग तो धरतो. आप्पांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. माझं बाकीचं बोलून झालं तरी तो हात तिथेच होता.

"दुखतोय रं," ते म्हणाले.

आता मात्र सगळे हसले. काँक्रीट दुखत नाही, मी म्हणालो. आप्पा म्हणाले, बांधायला घे, कोपऱ्याचं मागनं बघू.

म्हणजे मंजूर झाली ती मी न काढलेली इमारत. माझी अजून व्हायची आहे.

३ ऑक्टोबर, बेळगाव

पाया खणायला सुरुवात. बिऱ्हाड खडेबाजारात घेतलं आहे. माझ्या बायकोला, राजमतीला, स्वयंपाकघर पसंत नाही, पण खिडकीतून जागा दिसते म्हणून ती काही बोलली नाही.

मुख्य गवंडी मष्णू, बेळगुंदीचा. त्याने नारळ हातात घेऊन विचारलं, पूजा कोपऱ्यात करायची ती कुठल्या दगडाची? तिथं दगडच नाही. तो त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. शेवटी आतल्या खांबाच्या खड्ड्यात नारळ फोडला आणि थोडं पाणी कोपऱ्याच्या दिशेने शिंपडलं. "तेला वाईट वाटाय नगो," म्हणाला.

९ डिसेंबर

पहिला मजला उभा राहिला. कोपऱ्याखाली लाकडी टेकू आहेत. सगळे मजले पुरे होईपर्यंत ते ठेवणार. एकाखाली एक असे ते जमिनीपर्यंत येतील.

आप्पा आठवड्यातून एकदा सकाळच्या सर्व्हिस मोटारीने येतात आणि चुका काढतात. पायऱ्या उंच. कठडा बुटका. काँक्रीट म्हणजे राखेची खीर. आज कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी सळ्यांची मांडणी समजावून सांगत होतो. त्यांनी खिशातली पुडी काढली, तळहातावर तंबाखू ओतली आणि हात एकदा उत्तरेकडे, एकदा पश्चिमेकडे फिरवत राहिले. माझं एक अक्षर ऐकलं नाही. मधेच विचारलं, हितं उजेड कसा कसा फिरतोय? मी म्हणालो, दिवसभर उत्तरेचा थंड उजेड, संध्याकाळी पश्चिमेचं ऊन. "हां," म्हणाले, आणि पुडी बांधून खाली गेले. जाताना कठड्याबद्दल पुन्हा बोलले.

त्यांना ही इमारत कधीच दिसणार नाही. वखारीतल्या माणसाला वखारच दिसते.

११ जानेवारी १९३८

तिसऱ्या मजल्याचं काँक्रीट. लिहिण्यासारखं काही नाही. हात भरून आले आहेत आणि मी खूश आहे.

२ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही याचा विचार दोन दिवस केला.

परवा सर्वांत वरच्या मजल्याची जमीन ओतली. कोपऱ्याचा पुढे झुकलेला भाग दुपारी घेतला. अशा भागात सळ्या वरच्या अंगाला राहिल्या पाहिजेत. पुढे केलेल्या हातात ताण वरच्या शिरांवर येतो, तसंच. ओल्या काँक्रीटवरून माणसं चालली आणि सळ्या दबून खाली गेल्या, तर लोखंड तेवढंच राहतं आणि कामाचं राहत नाही. म्हणून चालायला वरून फळ्या टाकतात, आणि मी स्वतः तिथे उभा राहतो.

परवा आप्पांनी नेमकं त्या वेळी खाली बोलावलं. दर्शनी बाजूला मंडळीचं नाव कुठे घालायचं यावरून भांडण. मी म्हणत होतो, जिन्याच्या मनोऱ्यावर, उभं, साध्या अक्षरांत. ते म्हणत होते, मधोमध, वेलबुट्टीत. मला राग आला. मी वेळ विसरलो.

वर आलो तेव्हा कोपरा ओतून झाला होता. उचगावच्या बायका रिकामी घमेली घेऊन उतरत होत्या. एक फळी बाजूला पडलेली होती. ती आधी सरकली की काम झाल्यावर, कोण सांगणार? मष्णू म्हणाला, "सायेब, मी हुतो की." तो होता हे खरं. पण तो एकाच वेळी दोन ठिकाणी होता, हेही खरं.

सळ्या वर आहेत की खाली, हे आता फक्त काँक्रीटला माहीत.

राजमतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. फोडून बघता येत नाही का, तिने विचारलं. येतं. पण आता फोडलं तर भागीदार म्हणतील, बघा, याचाच याच्यावर विश्वास नाही, घाला खांब. ती म्हणाली, "मग तुम्हाला भीती कशाची, पडायची का खांबाची?"

प्रामाणिकपणे लिहायचं तर, खांबाची.

४ फेब्रुवारी

ठरवलं. टेकू काढताना त्या कोपऱ्याखाली मी उभा राहणार. दुसरं कोणी नाही. कोपरा टिकल्यावर वर वाळूची पोती रचून बघायची, मग माणसं.

५ मार्च

हा दिवस मी विसरणार नाही.

छप्पर ओतून झालं, म्हणून भागीदार बेळगावात आले. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी इमारत पाहिली. आणि त्यांना काय आवडलं? टेकू. खालपासून वरपर्यंत कोपऱ्यात उभी असलेली ती लाकडं. श्रीपाल म्हणाले, आता कसं भरल्यासारखं दिसतंय. हेच दगडात करून घ्या. भूपाल म्हणाले, खांब आला की खांबाला कमान पाहिजे. मारुतीराव म्हणाले, कमान आली की वर शिंव्ह बसतोय. पद्मराज म्हणाले, दोन बसतील.

अंगावर थंड पाणी पडावं तसा मी उभा होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना इमारतीबद्दल बोलताना आनंद होत होता.

तळमजल्यावर बैठक बसली. हे सगळे एकमेकांचे सोयरे, किंवा शेजारी, किंवा दोन्ही. तोंडावर कोणी कोणाच्या विरुद्ध बोलत नाही. अशा वेळी हे लोक बाजारातल्यासारखंच करतात. सौद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली दुसऱ्याची बोटं धरायची. दोघांपलीकडे तिसऱ्याला कळत नाही. आप्पांनी आपलं उपरणं काढून हातावर टाकलं. एक बोट म्हणजे खांब आणि कमान. दोन बोटं म्हणजे आहे तसं.

आप्पा एकेकासमोर गेले. उपरण्याखाली हात हलले. पद्मराज, श्रीपाल, भूपाल, मारुतीराव. मी चेहरे वाचायचा प्रयत्न केला. व्यापाऱ्यांचे चेहरे. भिंतीसुद्धा यांच्यापेक्षा बोलक्या असतात.

मग आप्पा जागेवर येऊन बसले, उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं.

"जसं हाय तसं," म्हणाले.

चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि मग चौघांनीही जमिनीकडे. मारुतीराव म्हणाले, "मग काय, झालं तर." आप्पांना मोटार गाठायची होती. उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, कठडा मात्र वाढव.

घरी पळतच आलो. मी जिंकलो. मी भाषण केलं नाही, चित्रं दाखवली नाहीत. इमारतीने स्वतः पटवलं. हीच तर माझी समजूत होती: खरी रेघ माणसाला शिकवावी लागत नाही, समोर उभी केली की पुरे. आप्पांनी आपलं एकच बोट धरलं असणारच. पण बाकीच्यांनी डोळे उघडे ठेवले. बहुमत!

राजमतीने विचारलं, बोटं कोणी कोणी धरली? फक्त आप्पांनी, मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली.

१३ मार्च

मनोऱ्याच्या खिडक्यांच्या चौकटी आल्या. पद्मराज कामानिमित्त बेळगावात होते, मुद्दाम भेटायला आले. चहा घेतला. मग हळूच म्हणाले, "राग मानू नगोस. मी एकच बोट दिलंतं. पण बाकीच्यांस्नी पटलं, मला काय."

मी त्यांचे हात धरले. विरोधकाने इतकं मोकळं असावं! एका मताने काही बिघडत नाही, मी म्हणालो. त्यांनाही हलकं वाटलं असावं. दुसरा कप मागितला.

२२ मार्च

निपाणीला सिमेंटच्या कामाने गेलो होतो. मोटार अड्ड्यावर श्रीपाल भेटले. त्यांनीही तेच सांगितलं. म्हणाले, "मी एक बोट दिलं, आणि चुकू नये म्हणून दोनदा दाबलं. आप्पा म्हातारा झालाय, तेनं दोन मोजलं असंल."

मला हसू आलं. त्यांनाही. बाकीचे भागीदार पुढारलेले निघाले, आता निवांत बघा, असं मी सांगितलं. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत मोटारीत चढले.

३१ मार्च

आत चुना सुरू. पांढऱ्या भिंतींवर उत्तरेचा उजेड इतका सारखा पसरतो की सावली शोधावी लागते.

भूपाल यांच्या घरच्या कांताबाई लग्नाच्या कापडखरेदीला आल्या होत्या, राजमतीकडे उतरल्या. त्या गेल्यावर राजमती हसत बाहेर आली. म्हणाली, भूपालनीसुद्धा एकच बोट दिलं होतं म्हणे. तेव्हापासून घरात कुरकुर चालली आहे. मग ती हाताची बोटं एकेक करून मिटायला लागली, तीन मिटली आणि आणखी हसली.

काय मोजतेस, मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही आपल्या खिडक्या मोजा."

कांताबाई गेल्या की तिला असं हसू येतंच. मी कामाला गेलो. माझ्या डोक्यात फक्त टेकू आहेत.

२ मे

उद्या टेकू निघणार. सळ्या वर असतील. मी स्वतः बांधून घेतलेल्या होत्या, खाली त्यांना उचलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या होत्या, फळ्या होत्या. एवढं सगळं असताना त्या खाली का जातील? दिवसभर स्वतःला हेच सांगितलं. माणूस खात्री असलेली गोष्ट इतक्या वेळा सांगत नाही.

४ मे

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो.

भागीदार सकाळीच आले. चौघे रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली, बाकावर. बाजाराला आलेले लोकही थांबायला लागले. गावात बातमी होती की स्टेशन रस्त्यावरची इमारत तीन वाजता पडणार आहे. शेंगावाल्याने गाडी आणून लावली. आप्पा कुठे दिसेनात. आजारी असतील, किंवा त्यांना बघवणार नसेल, असं मला वाटलं.

टेकू वरून खाली काढत यायचे, आणि प्रत्येक मजल्यावर टोकापासून आत. छपराखालचे आधी काढले. छप्पर हललं नाही. मग एक मजला उतरून आलो. डोक्यावर आता तीच स्लॅब, मी खाली गेलेलो असताना ओतलेली. माणसं मागे घेतली, फक्त मष्णू हटेना. टोकाच्या टेकूजवळ मी उभा राहिलो आणि मष्णूला हातोडा मारायला सांगितलं.

मष्णूने हातोडा खाली ठेवला. बोट वर केलं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अगदी कोपऱ्यात.

"कोण आहे वर?"

"मी हाय," आप्पांचा आवाज. "सकाळपासनं मागल्या खोलीत हुतो. तुज्या माणसांनी लाकडं काढली न्हवं? जागा मोकळी झाली. बसलोय."

मी म्हणालो, आप्पा, खाली या. ते म्हणाले, तू खाली हाईस न्हवं, मग मी वर. मी जिन्याकडे पळालो, पुन्हा परत आलो. माणसं ऐकत होती. पण मला आता बोलावंच लागलं. वर तोंड करून सांगितलं, आप्पा, ही स्लॅब ओतताना मी इथे नव्हतो. आत काय झालं मला ठाऊक नाही.

वर खुर्ची करकरली.

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "तुला खाली मीच बोलिवलं हुतं. मार हातोडा."

मी मष्णूकडे पाहिलं नाही. हातोडा स्वतः उचलला. पाचर निघाली. टेकू तिरका झाला, सुटला आणि जमिनीवर पडला. मी वर पाहत होतो. केसाएवढी रेघ शोधत होतो. दुसरा टेकू. तिसरा. कोपरा होता तिथेच होता. वरून खुर्ची पुन्हा सरकली, या वेळी आणखी टोकाकडे.

नंतरचं सगळं झरझर झालं. मजल्यामागून मजला. माणसं गाणं म्हणत लाकडं फेकत होती. तळमजल्याचा शेवटचा टेकू मष्णूने काढला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि मागे वळून पाहिलं.

मी काढलेली रेघ तिथे उभी होती. कागदावर होती तशी. इमारत कोपऱ्यात येऊन थांबत नव्हती, वळत होती. आडव्या खिडक्या वाऱ्यासारख्या त्या कोपऱ्यावरून निघून जात होत्या. आणि सर्वांत वर, उघड्या चौकटीत, खुर्चीवर एक म्हातारा माणूस, त्याच्याखाली एकावर एक नुसती हवा.

शेंगावाला म्हणाला, "पडंना की वो." आणि मग जो ओरडा झाला तो स्टेशनापर्यंत गेला असेल.

राजमतीने सगळ्यांचा स्वयंपाक तळमजल्यावर मांडायला सांगितला होता, असं मी समजत होतो. पाहतो तर तिने सकाळीच भांडी वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत नेऊन ठेवली होती. टेकू निघायच्या आधी. कोणाला विचारून, असं मी विचारलं. ती पत्रावळी घेऊन वर गेली.

भागीदार चिंचेखालून हलेनात. आप्पा खाली येऊ देत, मग जेवू, म्हणाले. आप्पा खाली येईनात. बघता बघता समोरच्या कौलांमागे ऊन गेलं, रस्त्यावर सावली पसरली. आम्हा जैनांमध्ये दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. पद्मराज उठून उभे राहिले. "झालं. आता सकाळपातूर उपास."

वरून आप्पांचा आवाज आला. "कुणाचा उपास? हितं सूर्य हाय अजून. चांगला हातभर हाय. मी जेवाय बसलोय."

सगळ्यांनी वर पाहिलं. सर्वांत वरचा मजला उन्हाने पेटल्यासारखा पिवळा झाला होता. आप्पांच्या हातात भाकरी दिसत होती.

पद्मराज आधी निघाले. मग श्रीपाल, मग भूपाल, धोतराचे सोगे हातात धरून. मारुतीराव मराठा, त्यांना रात्रीही चाललं असतं. पण तेही धावले. उंच पायऱ्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. जिन्यात त्यांचा धापा टाकण्याचा आवाज वर वर जात राहिला.

मी सर्वांच्या मागून गेलो. वर पोचलो तेव्हा वाळूच्या पोत्यांच्या जागी पाचही जण पत्रावळी घेऊन बसले होते, काठाला लागून, गुडघ्याला गुडघा भिडवून. तोंडं पश्चिमेकडे. राजमती दही वाढत होती. झुणक्यावर, भाकरीवर, त्यांच्या पागोट्यांवर सगळीकडे ऊन.

श्रीपाल तोंडात घास घेऊन म्हणाले, "लवकर बस रं तवनाप्पा, बुडाय लागलाय."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात जागा नव्हती. जिन्याजवळ बसून जेवलो.